वर्नाने नको म्हटलेली सुई

वर्ना स्टिल्टनर आमच्या इस्पितळात एकतीस वर्षं नर्स होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना भुलीतून तिनेच जागं केलं असेल. मी तिच्याच हाताखाली शिकले.

तिचा धाकटा भाऊ ड्वेन कोळशाच्या खाणीत होता. त्याचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं ठरलं. नव्याने आलेल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर प्रुइट त्याला म्हणाल्या, "पोटाच्या दोन्ही बाजूंना सुई देऊन नसा बधिर करते. पहिला दिवस सुसह्य जाईल, अफूच्या जातीच्या गोळ्या कमी लागतील."

डॉक्टर गेल्यावर ड्वेनने बहिणीला विचारलं, "काय गं, घेऊ का?"

"कालची पोर ती! जास्तीच्या सुया कशाला टोचून घेतोस? गोळ्या आहेत की."

"तू म्हणशील तसं. जन्मभर दुसरं केलंय काय मी?"

सुई न घेताच शस्त्रक्रिया झाली आणि घरी जाताना साठ गोळ्या मिळाल्या. आठवड्यात पोट बरं झालं, पण गोळीने पाठीचं जुनं दुखणंही थांबतं म्हणून त्याने आणखी मागितल्या. वर्नानेच सर्जनला गळ घालून चिठ्ठी आणून दिली. पुढे चिठ्ठ्या बंद झाल्या, तेव्हा तो मिळेल तिथून घेऊ लागला. नोकरी गेली. दोन वर्षांनी एका रविवारी वर्ना त्याच्यासाठी पेपरोनी रोल, खाणवाल्यांचे ते सॉसेज भरलेले पाव, घेऊन गेली, तर तो अंगणातल्या ट्रकमध्ये बसल्या जागी गार पडलेला.

आठवड्याने ती कामावर आली आणि सरळ प्रुइटबाईंसमोर उभी राहिली. "त्याला मी नको म्हणायला लावलं."

"सुई घेऊनही तो गोळ्यांत अडकला असता कदाचित. मला नाही सांगता येत, वर्ना."

"मला धीर नकोय. ती सुई काय करते ते नीट समजावून सांगा."

त्यानंतर पोटाच्या शस्त्रक्रियेला येणाऱ्या प्रत्येकाशी ती बोलायची. एक म्हातारा खाणकामगार म्हणाला, "टोचाटोची नको बाई मला!"

"माझा भाऊही नकोच म्हणाला होता. माझं ऐकून."

म्हाताऱ्याने सुईच्या संमतीपत्रावर सही केली. पुढे बरेच जण पाच-सहा गोळ्यांवर, काही तर एकही न घेता घरी जाऊ लागले.

तिच्या निवृत्तीच्या दिवशी केक कापताना मी म्हणाले, "वर्ना, किती जणांना वाचवलंस तू!"

"त्यांनी मला काही विचारलं नव्हतं गं," ती म्हणाली. "ड्वेनने विचारलं होतं."

तिने केकचा एक तुकडा प्रुइटबाईंना नेऊन दिला आणि कोट चढवून निघून गेली.