खोळ शिवणारे मामा

कुठलीही वस्तू समोर आली की मामांचा उजवा पंजा आपोआप पसरायचा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत धरून ते ती मोजायला लागायचे. तुम्ही छत्री टेकवून त्यांच्याशी बोलत उभे राहिलात, तर बोलणं संपेपर्यंत छत्रीचं माप झालेलं असायचं. "साडेचार वीत. हिला खोळ न्हाई? उघडी कशाला हिंडवून राह्यले?"

जालन्यात आमच्याच गल्लीत त्यांचं दुकान. नात्याचे नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची. जातीचे शिंपी, पण सदरा किंवा बंडी त्यांनी कधी शिवली नाही. माणसं जाड-बारीक होतात आणि वर भांडतात, वस्तू गुमान राहतात, असं त्यांचं म्हणणं. उशीला खोळ, तंबोऱ्याला खोळ, पोथीला खोळ. घनसावंगीकडचे एक देशमुख तर बंदुकीला शिवून घेऊन गेले होते. मामा त्या बंदुकीला वीत लावताना डोळे मिटून घेत होते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझे वडील, तात्या, निजामाच्या कचेरीत नक्कलनवीस. दिवसभर कागदांच्या नकला करणारा माणूस. शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. "मामा, उशीचा अभ्रा, तंबोऱ्याची गवसणी, तलवारीचं म्यान, पोथीचं बासन. तुम्ही सरसकट खोळ काय म्हणता?"

"आतलं जपलं म्हंजे झालं, तात्या. पावसात घोंगडं दुमडून डोक्यावर घेतेत, तिलाबी खोळच म्हणतेत. एक टाका न्हाई तिला! ती तेवढी माझ्या धंद्याच्या मुळावर उठली."

तात्या हसायचे आणि दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा पहिल्यापासून.

एका हिवाळ्यात तात्यांना मुदतीचा ताप आला. आठव्या दिवशी मामा भेटायला आले. तात्या गळ्यापर्यंत रजई घेऊन निपचित पडले होते. मामा जरा वेळ बसले. मग त्यांची नजर रजईच्या फाटक्या काठावर गेली आणि पंजा पसरला. पायाकडून एक वीत, दोन वीत, तीन वीत. छातीपर्यंत पोचले तेव्हा आई काढा घेऊन आत आली.

निजलेल्या माणसाचं असं माप आमच्याकडे फक्त कफनासाठी घेतात. आईच्या हातातली वाटी पडली.

"मामा, हात काढा!"

मामांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वैनी, म्या रजईचं…"

"पुन्हा या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

त्या दिवसापासून मामांनी सुई हातात धरली नाही. तात्या आपल्या पायांनी बाहेर येईपर्यंत टाका घालायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. रोज सकाळी ते आमच्या दाराबाहेर उभे राहत. आई दार उघडायची.

"उठले का?"

"न्हाई."

दार बंद. मला त्यांची दया यायची. पण खरं सांगते, रागही यायचा. आईइतकीच मीही घाबरले होते.

आणखी पंधरा दिवसांनी ताप उतरला. अंगात थोडं बळ आलं तसे तात्या माझा हात धरून, दर दहा पावलांवर थांबत, मामांच्या दुकानात गेले. रजई माझ्या खांद्यावर होती.

"घ्या माप," तात्या म्हणाले, "पण आधी मला बसू द्या."

मामांनी तीनदा माप घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. खोळ चांगली हातभर मोठी झाली. इतकं ढगळ काम मामांनी जन्मात केलं नसेल. तात्यांनी मात्र ती कधी आटवून घेतली नाही. झोपताना पायांनी आतली रजई शोधायचे आणि खुशीत हसायचे.

आई मामांना पुन्हा घरात बोलावू लागली, चहा देऊ लागली. त्या दिवसांबद्दल मात्र ती कधी बोलली नाही. माफी मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

पुढे सात-आठ वर्षांनी मामा गेले. मी तेव्हा माहेरी आले होते. आईबरोबर मामींना भेटायला गेले.  आई एकदम म्हणाली, "म्या त्यांला रोज दारातून परत पाठवलं. एक शब्द धड बोलले न्हाई."

"अवो बाई," मामी म्हणाल्या, "तुमचं बोलणं ऐकायला कुठं येत होते ते? घरी येऊन म्हणायचे, आजबी वैनीच्या कपाळाला कुंकू हाय. मंग जेवायला बसायचे."

आईनं मामींच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. तात्यांच्या आजारात एकदाही न रडलेली माझी आई त्यांच्या गळ्यात पडून रडली.