घरचे डोळे

वैनगंगेच्या काठावर मी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढत होते. मुलगा गॉगल काढायला तयार नव्हता, मुलगी रुसली होती, आणि मी दोघांवरही वैतागले होते. तेवढ्यात आत्याचा फोन आला. "कुंदे, तुह्ये बाबूजी उठून नाही राहिले वं. तू ये." बस्स, एवढंच. भंडाऱ्याहून आंधळगावला पोचेपर्यंत मी स्वतःला बजावत राहिले की झोपले असतील, त्यांना दुपारची झोप लागली की लागते... घराच्या दारात चपलांचा ढीग दिसला आणि मग काही बजावायचं उरलं नाही. गडबडीत कॅमेऱ्याची बॅग खांद्यावरच राहिली होती. आत्यानं आधी मला पोटाशी धरलं, मग तिची नजर बॅगेवर गेली. "आणलास ते बरं केलं. उचलाच्या आधी फोटू काढून घे. तुमच्या घरची रीत हाय."

मी फोटो काढला. खुर्चीत टेकवून बसवलेले बाबूजी, डोक्यावर टोपी, डोळे मिटलेले. याला आता दोन महिने झाले. पण तेरावीपर्यंतचे दिवस मी एकाच प्रश्नात काढले, की भिंतीवर लावायच्या फोटोत या माणसाला कोणाचे डोळे द्यायचे.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल म्हणून सांगते. माझ्या आजोबांनी गावात पहिला पेटीचा कॅमेरा आणला तेव्हा जितेपणी फोटो काढून घेण्याची कोणाला फुरसत नव्हती. माणूस गेला की घर जागं व्हायचं. अरे, याचा एकही फोटो नाही! मग आजोबांना बोलावणं. गेलेल्या माणसाला नीट बसवायचं, मागे चादर धरायची, फोटो काढायचा. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कोण लावणार? म्हणून आजोबा डोळे उघडून देत. घरातला एखादा मुलगा किंवा भाऊ स्टुडिओत बोलावून त्याचा तशाच उजेडात, तेवढ्याच मापाचा फोटो काढायचा, ब्लेडनं त्याचे डोळे कापून गेलेल्याच्या चेहऱ्यावर चिकटवायचे, बारीक कुंचल्यानं सांधे बुजवायचे, आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो. नियम एकच होता. डोळे घरचेच, रक्ताच्या माणसाचे पाहिजेत.

बाबूजींचा हात आजोबांपेक्षाही बारीक होता. स्टुडिओत उत्तरेच्या खिडकीजवळ एक तीन पायांचं स्टूल होतं, त्यावर मी किती सुतकी माणसं बसलेली पाहिली असतील! कोणी रडायला लागलं की बाबूजी कॅमेऱ्यामागून शांतपणे म्हणत, "रडजो बापा, पण मंग. लाल डोळे फोटूत दिसत नाही, सुजलेले दिसते." मला हसू यायचं आणि हसल्याची लाजही वाटायची. आई मी लहान असतानाच गेली, पण तिचे हसरे फोटो बाबूजींनी डझनभर काढून ठेवले होते. तिच्यावर ब्लेड चालवायची वेळ आली नाही.

मी शाळेत असताना आमच्या आळीतले विणकर सीताराम गेले. मागे फक्त त्यांची बायको, सगुणाबाई. मूल नाही, भाऊ नाही, दोघांच्याही बाजूचं कोणीच उरलेलं नाही. तिनं विचारलं, "भाऊ, माह्या घरात डोळे कोणाचे आणू?" बाबूजी म्हणाले, "तुम्ही घरी जा. होऊन जाईल." आठवड्यानं फोटो तयार झाला. तो कागदात गुंडाळताना मी पाहिला आणि दचकले. सीतारामबुवांना मी रोज मागावर बसलेलं बघत होते, पण फोटोतला माणूस माझ्याकडे असा बघत होता की मी अभ्यास सोडून अंगणात का उंडारते, हेही त्याला माहीत असावं. मी बाबूजींना म्हटलं, मला भीती वाटते. त्यांनी कागदाची दोरी बांधली.

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. एकदा फटकन बोलून गेले, "बाबूजी, हे खोटं आहे. मेलेल्या माणसाला दुसऱ्याचे डोळे लावून तुम्ही लोकांना फसवता." ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "मिटले डोळे भिंतीवर लावून पाह्य तू," एवढंच म्हणाले, "आठ दिवस नाही राहाशीन त्या खोलीत." पुढे मी भंडाऱ्यात स्वतःचा स्टुडिओ टाकला, घरोघरी मोबाइल आले, जो तो दिवसाला पन्नास फोटो काढायला लागला आणि बाबूजींचं काम आपसूक थांबलं. एकदा माझ्याकडे आले असताना मी लग्नाच्या ग्रुपमधल्या एका मामाचे मिटलेले डोळे कॉम्प्युटरवर उघडत होते. ते खुर्ची ओढून बसले. "कोणाचे हायेत?" मी म्हटलं, "त्यांचेच. शेजारच्या फोटोतले." त्यांना केवढं हायसं वाटलं! "मंग बरं हाय," म्हणाले, आणि चहा मागितला.

तेरावीसाठी फोटो शोधायला लागले तेव्हा कळलं की आयुष्यभर फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो नाही. लग्नकार्यात ते कॅमेऱ्यामागे. मोबाइल समोर धरला की तळहात आडवा. आधार कार्डावर होते, पण तिथेही पापणी अर्धी पडलेली. मी फोटोग्राफर, आणि माझ्याकडे माझ्या बापाचा धड फोटो नाही... मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. आत्या म्हणाली, "तुह्ये लाव ना. डोळे तर त्यायचेच घेतले तू."

म्हणून मी बाबूजींचा बंद स्टुडिओ उघडला, त्या स्टुलावर बसले, टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. आत्या खोटं बोलत नव्हती, आकार तोच होता. पण माझ्या डोळ्यांत सगळी घाई. हे काम कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत झालं असतं, तरी वाटलं, यांच्यासाठी तरी हातानं करावं. ब्लेड आणि कुंचल्यांचा त्यांचा पत्र्याचा डबा काढला. तळाशी एक जाड पाकीट होतं.

पाकिटात बाबूजी होते. तरुण बाबूजी, मिशीतले बाबूजी, केस पिकलेले बाबूजी. त्याच स्टुलावर, त्याच खिडकीच्या उजेडात बसलेले, पंधरा-वीस तरी फोटो. आणि एकाही फोटोत डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी ब्लेडनं नीट कापलेली भोकं, त्यातून माझी बोटं दिसत होती. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं एकेक नाव. निपुत्रिक माणसं, एकट्या बाया, भंडाऱ्याजवळ शहापूरच्या हायवेवर सापडलेला कोणी बिननावाचा, त्याच्या मागे नुसतं 'शहापूर' लिहिलेलं. ज्यांना घरचे डोळे मिळाले नाहीत, त्या सगळ्यांना... मी पाकीट उलटं घालून ठेवलं आणि खिडकीकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी सीतारामबुवांचं नाव असलेला फोटो घेऊन मी सगुणाबाईकडे गेले. मनात साधा हिशोब होता, त्यांच्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढायचा आणि त्यातून बाबूजींचे डोळे परत घ्यायचे. म्हातारी आता पार वाकली आहे. तिनं मला बसायला पाट दिला. वर भिंतीवर सीतारामबुवा होते आणि त्यांच्या चेहऱ्यातून बाबूजी मला पाहत होते. मी कॅमेरा उचलला. भिंगातून ते आणखी जवळ आले. माझ्याच्यानं बटण दाबवेना.

"मले मालूम हाय बाई," सगुणाबाई मागून म्हणाल्या. "माह्या माणसाचे डोळे घारे होते. तुह्या बाबूजीनं आपले काळे लावले. मी त्याच दिवशी ओळखलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कायले बोलू? कोणीतरी पाहून तर राहिलं होतं ना माह्याकडे." मग म्हणाल्या, "मी गेली का हा फोटू तू नेजो. इथं कोण हाय त्याले ठेवाले? अन् डोळे तर तुह्याच घरचे हायेत."

मी कॅमेरा बॅगेत घातला. दिलेले डोळे काढून कसे घ्यायचे?

तेरावीला मी बाबूजींचा मिटल्या डोळ्यांचाच फोटो लावला. नातेवाईक कुजबुजले, आत्या तर दोन दिवस बोलली नाही. फोटो आता स्टुडिओत त्या स्टुलाच्या वर आहे. आठ दिवस राहाशीन का, असं त्यांनी विचारलं होतं. मी दर रविवारी तिथे जाते, झाडून काढते, बसते, आणि खरं सांगायचं तर अजून त्या भिंतीकडे एकदम बघवत नाही.

त्यांच्या फोटोच्या शेजारी मी एक रिकामा खिळा ठोकून ठेवला आहे.