दाजींचा नायट्रोजन

आमच्या दाजींची बदली एका कॅमेऱ्यानं केली, आणि त्या कॅमेऱ्यात साधा रोलसुद्धा नव्हता.

मी तेव्हा गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिक सुपरवायझर होतो. हंगामाच्या तोंडावर मुंबईहून एक साहेब उष्णता बघणारा कॅमेरा घेऊन आले. विजेचा कुठला जोड किती तापलाय, ते त्यात लांबूनच कळायचं म्हणे! पण त्याच्या पोटातला डोळा आधी द्रवरूप नायट्रोजन ओतून गारठवावा लागे. (दुसऱ्याची गरमी मोजायची तर आधी स्वतः थंड व्हावं, आमच्या कारखान्यात हा नियम फक्त कॅमेऱ्याला लागू होता!) साहेबांचा नायट्रोजन वाटेतच उडून गेला होता. सगळे हात चोळत बसले. मला कसलं गप्प बसवतंय!

"आमचे दाजी गुरांच्या दवाखान्यात आहेत. त्यांच्याकडं डबाभर आहे!"

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. खेटे घालून घालून नुकतेच गावाजवळ बदलून आलेले.

"पाहुणं, हे काय रॉकेल हाय का?" दाजी उखडले. "ह्यात वळूचं वीर्य ठेवलंय. डबा कोरडा पडला की सगळं वाया. मग माझी इथली जागा बी जाती!"

"द्या की थोडं," अक्का मधी पडली. "माझा भाऊ मोठा व्हायलाय कारखान्यात!"

दाजींनी दिलं. कॅमेरा गारठला. पण मोळीपूजन व्हायचं होतं, आणि पूजेआधी गव्हाणीत ऊस पडत नाही, की एक यंत्र फिरत नाही. चेअरमनचा पत्ताच नाही! वाट बघता बघता नायट्रोजनची वाफ झाली. मी परत दाजींच्या दारात! ते नको नको म्हणत असताना अक्कानंच डबा माझ्या हाती दिला.

शेवटी चेअरमन आले. आल्या आल्या त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला.

"ह्याच्यात तर कायच दिसंना!"

"सगळं बंद आहे ना," मुंबईकर रडकुंडीला आले. "चालू केल्याशिवाय जोड तापणार कसे?"

"मग करा की चालू!"

"आधी पूजा, साहेब!" (हे कोण म्हणालं? मीच!)

पूजा झाली. भाषणं झाली. शाली झाल्या. मोटारी गुरगुरल्या, मुंबईकरांनी कॅमेरा उचलला, आणि नायट्रोजन संपला. एका जोडाचंही तापमान कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी माजावर आलेल्या गाई घेऊन लोक दवाखान्यापुढं उभे, आणि डबा ठणठणीत कोरडा! बोंब वरपर्यंत गेली. दाजींची उचलबांगडी पार जिंतूरच्या पलीकडं झाली. चेअरमननं साधी चौकशीसुद्धा केली नाही. मला असा संताप आला! पण काढायचा कुणावर?

एसटीत सामान चढवताना मी म्हणालो, "अक्का, तिकडं काही लागलं तर नुसता निरोप धाड. लगेच येतो."

"एक कर बाबा," अक्का खिडकीतून म्हणाली, "आता आमच्या मदतीला तेवढं येऊ नको."

तिचं हे एवढं काम मात्र मी आजवर चोख करत आलोय!