आप्पांची रिकामी खुर्ची

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पांडेसऱ्यातल्या आमच्या सोसायटीत एक लाल मखमली खुर्ची होती. तिच्यावर बसण्याचा अधिकार कोणालाच नव्हता आणि ती मांडण्याचा अधिकार फक्त आप्पांना होता.

आप्पा आमच्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. डाइंग मिलमध्ये मुकादम होते. निवृत्त झाल्यावर आमच्यावर मुकादमी करू लागले. दर सव्वीस जानेवारीला झेंड्याशेजारी ही खुर्ची, तिच्यावर फेटा, पुढे निरांजन. "लढाईत हरवलेल्या, शत्रूच्या कैदेत राहिलेल्या आपल्या जवानांसाठी," असं माइकवर म्हणताना त्यांचा आवाज दरवर्षी त्याच शब्दावर भरून यायचा. आम्ही त्या शब्दाची वाटच बघत असू.

खुर्चीवरचं प्लास्टिक मात्र काढायचं नाही. "ते जवान परत आल्यावरच निघेल," आप्पा सांगत. मखमलीला धूळ चालत नाही, हे ते सांगत नसत.

गल्लीत जिजी राहतात. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात. त्यांचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईतून परतला नाही. प्रेत नाही, पत्र नाही. कागदावर फक्त 'बेपत्ता'. तो कैदेत आहे का, एवढं सरकारला विचारा, असा अर्ज त्या दरवर्षी आप्पांकडे देत. "योग्य वेळी, योग्य हाती," म्हणून आप्पा तो कोटाच्या खिशात ठेवत. कोट वर्षातून एकदाच कपाटाबाहेर यायचा, त्यामुळे अर्जही.

माणूस दुष्ट नव्हता. दुष्टपणालाही थोडी मेहनत लागते.

गेल्या खेपेला एक पुढारी न सांगता आले. स्टेजवरच्या सगळ्या खुर्च्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी भरलेल्या, आणि पदाधिकारी काही उठेनात. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांनी प्लास्टिक टराटरा फाडलं, फेटा उचलून पुढाऱ्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "बसा साहेब, ही आपलीच जागा."

आप्पा आता कडोदऱ्याला लेकाकडे असतात. तब्येतीमुळे गेले, असं मंडळ सांगतं. खुर्ची कोणी मांडत नाही. मला त्यांची आठवण येते; एवढी फुकटची करमणूक पुन्हा कुठली?

पण खरं तर ते गेले जिजींमुळे. त्या दिवशी नवा अर्ज हातात धरून त्या पहिल्याच रांगेत उभ्या होत्या. त्यांनी तो परत कमरेला खोचला आणि माइकशिवाय साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असं विचारलं,

"आप्पा, मन्हा भाऊ आते परत वना, ते त्याले कोठे बसाडशात?"