पुसलेली नळी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो निकम सरांमुळे. माझा कॉलेजचा अर्जसुद्धा त्यांनीच भरला होता.

काल पुतणीबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेलो. तिच्या मैत्रिणीने पॉइंट टू-टू रायफल उचलली आणि पहिल्या तीन गोळ्या लक्ष्य सोडून मातीच्या ढिगात घातल्या. मला हसू आलं.

"हसू नका काका," ती मैत्रीण म्हणाली. "नळी आत्ताच साफ केलीय. तेलातून पहिल्या गोळ्या भरकटतातच."

मला एकदम निकम सर आठवले.

सरांकडे तशीच जुनी रायफल होती, शिकारीला बंदी नव्हती तेव्हा सशांसाठी घेतलेली. तालुक्याच्या नेमबाजी स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी सरांना न विचारता तिच्या नळीतून तेलाची चिंधी ओढली, चांगली दहा वेळा. सरांसाठी काहीतरी केल्याचा केवढा आनंद झाला होता! स्पर्धेत सरावाच्या गोळ्या नव्हत्या. सरांचे पहिलेच नेम कागदाच्या कडेला गेले. "डोळे गेले रे माझे," एवढंच ते म्हणाले. पुन्हा त्यांनी रायफल हातात घेतली नाही.

माणूस उपकार फेडायच्या घाईत विचारायचं विसरतो. असं मी आणखी कुठे कुठे केलं असेल? सरांना आता सांगावं, तर गेलेली वर्षं परत येत नाहीत. न सांगावं, तर त्यांच्या डोळ्यांवरचा आळ तसाच राहतो. शेवटी आज पत्र टाकलं:

"सर, सा. न. वि. वि. त्या दिवशी तुमचे डोळे शाबूत होते. आदल्या दिवशी नळी मी पुसली होती. रागवा, पण रविवारी मी तुम्हाला न्यायला येतोय. इथल्या मैदानावर पहिल्या तीन गोळ्या मातीत घालू. चौथी तुमची."