पाचची लाँच आणि पौर्णिमेची ओहोटी

"मी काय पोतं आहे, परक्या माणसानं खांद्यावर टाकून न्यायला?"

मुंबईच्या एका वकीलसाहेबांच्या मातोश्री रेवसच्या धक्क्यावर, माझ्या ऑफिसातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसून मला विचारत होत्या. रविवारची संध्याकाळ. पाच वाजून गेलेले. समोर परतीची लाँच उभी होती, पण धक्क्यापासून दोन-अडीचशे पावलांवर. मधे पाणी नव्हतं, नुसता चिखल. रेवसचा चिखल म्हणजे साधासुधा नाही. पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत, आणि बाहेर येतो तो बुटाशिवाय.

पुरुष मंडळी एव्हाना आमच्या खलाशांच्या खांद्यावर बसून पलीकडे पोचली होती. बायकांनी साफ नकार दिला. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. त्या काळी घरंदाज बाई परक्या पुरुषाच्या खांद्यावर बसेल, ही कल्पनाच कोणाला सुचायला नको होती. त्या सगळ्या धक्क्यावर बसून राहिल्या. साडेसातला पाणी चढलं, छोटी होडी धक्क्याला लागली, तेव्हा कुठे लाँच सुटली. आईसाठी धक्क्यावरच थांबलेल्या वकीलसाहेबांनी जाण्याआधी माझ्याकडे कम्प्लेंट बुक मागितलं आणि पान भरून इंग्रजी लिहिलं. वकीलच ते, एकही शब्द वाया घालवला नव्हता.

मी तेव्हा एका स्टीमर कंपनीचा रेवसचा एजंट होतो. एजंट म्हणजे तिकिटं फाडणारा, माल उतरवून घेणारा आणि कोणाचंही काहीही बिघडलं तर शिव्या खाणारा माणूस. गावात मला 'मास्तर' म्हणत. साल एकोणीसशे तीसच्या आगेमागे. मुंबईच्या बाबूलोकांना रविवारी हवापालटाचं नवं वेड लागलं होतं. ते पाहून मी हेड ऑफिसला सुचवलं, की सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला मोटार, किहीमला समुद्रस्नान आणि जेवण, संध्याकाळी परत. ट्रिपची कल्पना माझी. वेळा ठरवल्या आमच्या ट्रॅफिक मॅनेजरनी, पेस्तनजी साहेबांनी. आगमन साडेनऊ, प्रस्थान पाच. तशी हँडबिलं छापली, चौकाचौकांत वाटली.

पहिल्या रविवारी परतताना रखडलो. दुसऱ्या रविवारी सकाळी येतानाच लाँच चिखलापलीकडे अडकली, संध्याकाळी मात्र पाणी काठोकाठ. तिसऱ्या रविवारी पुन्हा परतताना. आणि त्याच तिसऱ्या रविवारी या मातोश्री.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षं रेवसला काढलेल्या माणसाला हे आधी कळू नये? नाही कळलं. कारण सांगतो. आमचे रोजचे उतारू आसपासच्या गावचे. पाणी नसलं की ते धोतर खोचत, वहाणा हातात घेत आणि गप्पा मारत चिखल तुडवत जात. बायका होडी लागेपर्यंत भाकरी सोडून बसत. कोणी कधी चकार शब्द काढला नाही. तक्रार नाही म्हणजे अडचण नाही, असं मी समजून बसलो. त्यातून मी मूळचा पुण्याचा. पुणेकराला पाण्याची माहिती नळापुरती.

गुरुवारी मला मुंबईला बोलावणं आलं. पेस्तनजी साहेबांपुढे कम्प्लेंट बुकाच्या नकला मांडलेल्या.

"लिमये, हे काय चाललाय? एक आयतवारी लोक उतरताना बोंब मारते, दुसऱ्या आयतवारी चढताना. तू करते काय तिथे?"

"साहेब, ओहोटी..."

"ओहोटी ओहोटी नाय सांगायचा! मी वीस वरस रेल्वेमंदी काढला. गाडी पाचची तर पाचला सुटते. पाऊस येवो, धरणीकंप होवो."

साहेब माणूस सोन्यासारखा, पण रुळांवर वाढलेला. त्यांच्या लेखी रेवस म्हणजे एक स्टेशन आणि समुद्र म्हणजे ओला रूळ. त्यांनी पुढचा हुकूम तिथेच ऐकवला. येणारा रविवार सोडून पुढच्या रविवारी एका बँकेच्या स्टाफ क्लबची ट्रिप होती, बायकामुलांसकट नव्वद माणसं. साहेब स्वतः बरोबर येणार होते.

"बुकात एक तक्रार आला, एक, तर रविवारची ट्रिप बंद. आणि तू इथे माल गोदामात पोती मोजायला. समजला ने?"

पोती मोजायची मला भीती नव्हती. पण ट्रिप माझी होती. किहीमला नाईककाकूंनी तिच्या भरवशावर मोठी पातेली घेतली होती, दोन मोटारवाल्यांनी नवे टायर चढवले होते. आणि खरं सांगायचं तर रविवारी ती शहरातली माणसं लाटेत उभी राहून पोरांसारखी ओरडायला लागली, की मला फार बरं वाटे. हे सगळं माझ्या नावावर बुडणार, या विचाराने परतीच्या लाँचवर मी डबा तसाच बांधून ठेवला.

रेवसला उतरलो तो थेट हसनमियांकडे गेलो. हसनमियां आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. साठी उलटलेली. दर्यावर जन्म गेलेला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"मास्तर, दर्याला आयतवार ठावं न्हाय. त्याला चांद ठावं हाय."

"म्हणजे?"

"आज चांदाची कितवी? तुमची तिथ कंची?"

"चतुर्थी."

"चाराची पाऊणपट किती?"

"तीन."

"मंग आज भरती तीनला. धा मिंटं हिकडं का तिकडं. जा, बगून या."

मी घड्याळ काढून धक्क्यावर जाऊन बसलो. तीन वाजून पाच मिनिटांनी पाणी थबकलं. मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

हिशेब असा, आणि तुम्हीही कधी किनाऱ्यावर गेलात तर करून बघा. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याला भरती पूर्ण. तिथून सहा तासांनी तळाची ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. म्हणजे भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. सात दिवसांत पाच तासांच्या वर. आता लक्षात येईल. या रविवारी पाचला धक्क्यावर पाणी असेल, तर पुढच्या रविवारी पाचला तिथे चिखल असलाच पाहिजे. साहेबांच्या वेळापत्रकाने आम्ही दर रविवारी कोणाला ना कोणाला चिखलात उभं करणार होतो. जाताना नाही तर येताना. ते कसं हुकणार?

त्या रात्री पंचांग उघडून मी पुढच्या सगळ्या रविवारांच्या वेळा मांडल्या आणि कागद साहेबांना पाठवला. उलट टपाली उत्तर आलं. इंग्रजी होतं, मतलब एवढाच, की कंपनीचं टाइमटेबल भटजी बनवत नाही. प्रस्थान पाच म्हणजे पाच.

बँकेच्या ट्रिपचा रविवार पंचांगात पाहिला. पौर्णिमा. भरती सव्वाअकराला, म्हणजे सकाळी लाँच थेट धक्क्याला लागणार. आणि तळाची ओहोटी सव्वापाचला. प्रस्थान पाच! मुद्दाम मुहूर्त काढला असता तरी इतका वाईट निघाला नसता.

पुन्हा हसनमियां.

"साहेबाला पाचला लाँच हलाय पायजे ना? हलंल की," ते म्हणाले. "मानसं अडीचला, पानी हाय तवर, चढवून घ्या. मंग पाचपातूर लाँच कुठं फिरत ऱ्हाते, त्ये कोन इचारतो?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणसं अडीचला चढवायची. मांडव्याचं टोक वळून सासवण्याच्या पुढपर्यंत समुद्रातून फेरी मारायची, लांबून खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ दाखवायचा, आणि पाचच्या ठोक्याला रेवससमोर येऊन मुंबईकडे तोंड करायचं. हुकूमही पाळला जाईल आणि बूटही कोरडे राहतील. लाँचचा सारंग, म्हणजे कप्तान, हसनमियांचा मेहुणा. तो तयार झाला. नाईककाकूंना मी पंगत बाराला बसवायला सांगितलं.

रविवार उजाडला. साडेनऊला लाँच धक्क्याला अशी लागली, की बायका एक पाऊल टाकून उतरल्या. पेस्तनजी साहेबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"बघ! कुठे आहे तुझा चिखल?"

"खाली आहे, साहेब. पाण्याच्या."

किहीमला मंडळी लाटांत मनसोक्त डुंबली. बाराला पंगत बसली. तांदळाच्या भाकरी, तळलेली सुरमई, शाकाहाऱ्यांना वालाचं बिरडं, वर सोलकढी. साहेबांनी सुरमईला पूर्ण न्याय दिला आणि माडाच्या सावलीत बाजेवर आडवे झाले.

सव्वाला मी शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं, की ज्यांना लाँचमधून समुद्राची सैर करायची आहे, त्यांनी मोटारीत बसावं. सगळी बँक उठली. साहेब एक डोळा उघडून म्हणाले, "अरे, पाचला अजून केवढा वेळ आहे!"

"साहेब, तुम्हीही आत्ताच चला. पाचला धक्क्याला पाणी नसेल."

"पाछो, परत तुझा पंचांग! तू लोकांना फिरव. मी टाइमटेबलप्रमाणे येते. पाचला लाँच रेवसला पायजे."

"पाचला लाँच रेवसला असेल," मी म्हणालो. यात तसूभरही खोटं नव्हतं. त्यांच्यासाठी मी एक मोटार मागे ठेवली.

अडीचच्या आधी नव्वदच्या नव्वद माणसं कोरड्या पायांनी चढली. बायका सगळ्यांत पुढे. लाँच सैरीला गेली, मी साहेबांची वाट पाहत धक्क्यावर थांबलो. पाणी डोळ्यांदेखत मागे हटत होतं. मी आयुष्यात ओहोटीकडे इतक्या प्रेमाने कधी पाहिलं नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना साहेबांची मोटार आली. लाँच बरोबर समोर उभी होती. चिखलापलीकडे.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. लाँच पाहिली. मग बराच वेळ चिखल पाहिला.

"लिमये, ते लाँचला इकडे बोलाव."

"ती रेल्वे असती तर बोलावली असती, साहेब."

कसं बोलून गेलो, देव जाणे. हसनमियां पुढे झाले आणि अदबीने पाठ वाकवून म्हणाले, "बसा साहेब." साहेबांचं वजन आणि पोटातली सुरमई पाहून मीच आडवा आलो. ऑफिसातली ती खुर्ची आणली. साहेब तीत बसले, चार खलाशांनी उचलली. निम्मी वाट ठीक पार पडली. मग एकाचा पाय मांडीपर्यंत गेला, खुर्ची कलली, आणि आमचे ट्रॅफिक मॅनेजर रेवसच्या चिखलात उभे राहिले. उरलेली वाट ते चालत गेले. बूट हातात, विजार गुडघ्यावर. अगदी आमच्या रोजच्या उतारूंसारखे. मी धोतर खोचून शेजारून चाललो. लाँचवरच्या नव्वद माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही सैरीचाच भाग आहे.

वर चढल्यावर क्लबचे सेक्रेटरी धावत आले. "साहेब, इतकी सुंदर ट्रिप आम्ही कधी केली नाही! पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं ठरलंय. फेरी तेवढी ठेवा."

साहेबांनी माझ्याकडे हात केला. "कम्प्लेंट बुक."

एक तक्रार, त्यांनी सांगितलं होतं. बुक माझ्या बगलेतच होतं, ते दिलं. चिखलाच्या बोटांनी त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही ठोकली आणि बुक माझ्या हातात परत दिलं. मी वाचलं. 'रविवारचं वेळापत्रक सदोष आहे. ते बनवणाऱ्याने समुद्र पाहिलेला नाही.'

"आता एक तक्रार आला," साहेब बाकावर पाय पुसत म्हणाले. "बोल, ट्रिप बंद करायचा?"

"साहेबांची इच्छा."

"गाढव आहेस. तुझा तो कागद उद्या पाठव. भटजीवाला."

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं. मी पुन्हा चिखलात उतरलो आणि लाँच सुटली, तेव्हा हसनमियां दूर धक्क्यावर माझी खुर्ची धूत होते. मी ओरडून सांगितलं, "मियां, जिंकलो!" त्यांनी नुसता हात हलवला. त्यांना कुठे शंका होती?

पुढच्या हँडबिलांवर प्रत्येक रविवारची वेळ वेगळी छापली गेली, तिथीप्रमाणे. मी रेवस सोडेपर्यंत ट्रिप चालली. त्यानंतर चिखलाची एकही तक्रार त्या बुकात आली नाही. साहेबांचं ते पान मी बदलीच्या वेळी मुद्दाम नव्या एजंटाला दाखवलं, त्यावर अंगठ्याएवढा चिखल अजून वाळलेला होता.

नोकरीतल्या तरुणांना एवढंच सांगेन. वरिष्ठाच्या मेमोला उत्तरं लिहीत बसू नये, त्याला एकदा जागेवर आणावं. मात्र भरतीच्या वेळी आणू नये.