उगे रावांनी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

उगे राव नेम धरून उभे राहिले की हा जिवंत माणूस आहे, याचा विसर पडायचा. एकदा आमच्या क्लबच्या रेंजवर एक चतुर उडत आला आणि त्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर बसला. दुसऱ्या कोणी हात झटकला असता. रावांनी गोळीही झाडली नाही आणि हातही खाली केला नाही. चतुराला कंटाळा आला, तो उडाला, मग गोळी सुटली. आम्ही सगळे हसलो. ते सावकाश वळून म्हणाले, "त्यास घाई होती. मला नव्हती."

क्लबातली तामिळ मंडळी त्यांना राव सार म्हणत. उगे राव हे नाव मी ठेवलं. आणि लाडाने नाही, रागाने ठेवलं. ते कसं, ते सांगतो.

मी मूळचा सातारकडचा. चौथीत शाळा सुटली. चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या संरक्षण कारखान्यात पहारेकरी म्हणून लागलो आणि इथलाच होऊन गेलो. वाचायला जेवढं लागतं तेवढं येतं, आणि लिहायला हे तुम्ही वाचताय तेवढं. पण रायफल माझ्या हातात उभी हयात होती. पहारेकऱ्यांच्या दरवर्षीच्या गोळीबार-परीक्षेत माझ्यापुढे कोणी गेला असेल तर त्याने समोर यावं. राव तंजावरचे मराठी. बँकेत नोकरी करून निवृत्त झाले, अण्णा नगरला मुलीजवळ राहत. त्यांचे पूर्वज मराठा फौजेबरोबर दक्षिणेत उतरले होते आणि ही गोष्ट ते काल घडल्यासारखी सांगत.

"जाधवराव, तुम्ही रेल्वेनें आलां. आम्ही घोड्यावर आलों," असं ते मला हमखास ऐकवत.

"घोडं इथंच मेलं म्हणून राहिलात काय?" मी म्हणायचो.

यावर ते आवाज न करता हसत. फक्त खांदे हलत. नेम धरताना दगड होणारा माणूस हसताना असा हलायचा की कॉफीचा डबरा, म्हणजे इथली पसरट वाटी, हातातून काढून घ्यावा लागे. त्यांची मराठी मला जुन्या पोथीतली वाटे आणि माझी त्यांना तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखी. कोणाची खरी, यावर आमचं कधीच जमलं नाही. दोघांना एकमेकांशिवाय क्लबात मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून भांडणसुद्धा जपून भांडायचो.

क्लबाचं रिव्हॉल्व्हर पॉइंट टू टूचं, पण दहा हातांतून गेलेलं. कधी चांगलं वागे, कधी नाही. मला राज्याच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत उतरायचं होतं आणि त्यासाठी स्वतःचं रिव्हॉल्व्हर हवं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "तात्ता, एदुक्कु?" म्हणजे, आजोबा, कशाला? या 'कशाला'नेच माझा निश्चय पक्का केला. नेमबाज म्हणून परवाना काढायला पुष्कळ खेटे घातले. शेवटी एक हत्यार विकत घ्यायची परवानगी आली. एकच, आणि ठराविक मुदतीत. वयामुळे पुन्हा मिळेल याची कोणी हमी देईना. चुकीची वस्तू घेतली असती तर तीच गळ्यात पडली असती आणि स्पर्धा संपली असती. म्हणून निवडायला रावांना बरोबर घेतलं.

जॉर्ज टाउनमधल्या बंदुकीच्या दुकानात मालकाने काचेवर मखमल पसरली आणि तीन रिव्हॉल्व्हर मांडली. एक नवंकोरं. एक परदेशी, चांदीसारखं चकचकीत, लांब नळीचं, कोण्या जमीनदाराच्या घरातून आलेलं. तिसरं जुनं, रंग उडालेलं, मुठीचं लाकूड काळवंडलेलं. चकचकीत उचलताच माझा हात म्हणाला, हेच. पहाऱ्यावर हत्यार ताब्यात घेताना जी सवय अंगात मुरली, तिच्याप्रमाणेच मी केलं. उघडलं, रिकामं आहे हे पाहिलं, बंद केलं, नळी भिंतीकडे केली आणि चापावर बोट ठेवलं.

"उगे!" राव ओरडले.

सगळं दुकान वळलं. आमच्याकडे उगा म्हणजे फुकट, बिनकामाचा. उगा आला, उगा बोलला, उगा खर्च केला. चारचौघांत या माणसाने मला उगा ठरवलं! सेक्रेटरींचं 'कशाला' आणि हे 'उगे' माझ्या डोक्यात एकाला एक जोडलं गेलं. रिव्हॉल्व्हर मखमलीवर ठेवलं आणि म्हणालो, "उगा तर उगा. तुम्ही बसा घोड्यावर." आणि चालू लागलो. मागून ते काहीतरी सांगत होते. मी ऐकलं नाही.

क्लबात त्यांच्या पाठीमागे मी 'ते उगे राव' म्हणू लागलो. तामिळ मंडळींना वाटलं, ही काही मराठी पदवी असेल. त्यांनी तोंडावर सुरू केलं. रावांनी तक्रार केली नाही. मी बोलणंच टाकलं होतं. परवानगीची मुदत मात्र संपत चालली.

एका सकाळी अण्णा नगरच्या बसमध्ये बसलो. समेट करायला नव्हे, एकदा तोंडावर विचारायला निघालो होतो. बसमध्ये एक गृहस्थ कंडक्टरशी वाद घालत होता. कंडक्टर खेकसला, "सुम्मा इरु!" म्हणजे गप्प राहा. गृहस्थ लगेच नरमला, "सुम्मा सोन्नेन!" म्हणजे उगाच बोललो. हे दोन्ही सुम्मा मी इतकी वर्षं ऐकत होतो. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दिवा लागला. एकच शब्द. एकाच्या तोंडी गप्प, दुसऱ्याच्या तोंडी फुकट. आणि लहानपणी आमच्या गावातला कीर्तनकारबुवा पोरांना म्हणायचा, "उगी बसा रे." उगी! तेव्हा आम्ही गप्प बसलोच होतो की!

दार त्यांच्या मुलीने उघडलं. पद्मा नाव तिचं. तिची मराठी अर्ध्यावर तामिळ होऊन जाते. राव आत कॉफी घेत पेपर वाचत होते.

"उगे म्हणजे काय?" मी उभ्यानेच विचारलं.

"म्हणजे हलूं नका. स्थिर राहा," ते म्हणाले. "मग काय?"

"मला वाटलं फुकटचा."

त्यांचे खांदे हलायला लागले. पद्माने धावत येऊन डबरा काढून घेतला. "अय्यो जाधवराव, तीनशें वर्षांत तुम्ही लोकांनीं आमचा चांगला शब्द असा खराब केलात!"

"आणि हलू नका कशासाठी? रिकामंच होतं की."

मग त्यांनी बसवून सांगितलं. पहाऱ्यावरच्या रायफलीच्या गोळीला बुडाच्या मधोमध ठोका बसतो. या लहान गोळीची पेट घेणारी बारूद बुडाच्या कडेत असते, म्हणून ठोका कडेवर पडतो. आत गोळी नसेल तर तो ठोका थेट पोलादावर बसतो आणि गोळी बसते त्या भोकाच्या काठाला खड्डा पडतो. "असलें हत्यार रिकामें ओढायचें नाहीं. एका ठोक्यानें मरत नाहीं, पण खोड लागते. तें तुमचें होणार होतें, म्हणून ओरडलों."

ते म्हणाले तसं मी लिहिलंय. कॉफी प्यालो आणि पुन्हा दुकानात जायचं ठरवलं.

दुसऱ्या खेपेला राव बॅटरी, पांढरा कागद आणि खिशात झाडलेल्या गोळ्यांची रिकामी टोपणं घेऊन आले. टोपणं चक्करीच्या, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या, सगळ्या भोकांत घातली, मगच घोड्याला हात लावला. घोडा हळू, फार हळू मागे ओढत आणि चक्कर आपल्या जागी 'टक्' करून बसते का ते कानाने ऐकत. मग अंगठ्याने चक्कर हलवून पाहत. नवंकोरं दोन भोकांवर जागा धरायला उशीर करत होतं. चकचकीताच्या भोकांच्या काठांवर बॅटरी मारली आणि मला वाकायला सांगितलं. काठाकाठाला खड्डे. गिऱ्हाइकांना 'बघा काय मऊ आहे' म्हणून दाखवता दाखवता लोकांनी ते रिकामं ओढलं होतं. मालक छताकडे बघू लागला.

तरी माझं मन चकचकीतावरच होतं. आढेवेढे घेत मालक चकचकीत आणि जुनं ही दोन रेंजवर आणायला तयार झाला. रावांनी वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवायला लावलं. प्रत्येक भोकातून गोळ्या झाडायच्या आणि भोकागणिक कागद वेगळा. चकचकीताच्या पहिल्याच कागदावर एक गोळी बरोबर काळ्याच्या मध्यावर बसली. मी ओरडलो, "बघा!"

"एक पाहूं नका. अवघीं पाहा."

बाकीची भोकं त्या कागदावर अंगणात सांडलेल्या मुरमुऱ्यांसारखी होती. जुन्याने मात्र सगळे कागद खाली डावीकडे, काळ्याच्या बाहेर मारले. पण भोकं एकमेकांत घुसलेली. सगळ्यांवर मिळून अंगठा ठेवला असता तर झाकली गेली असती.

"हे तर लागतच नाही," मी म्हणालो.

"लागतें. चुकीच्या ठिकाणीं लागतें." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "ठिकाण चुकलें तर पेचकस आहे. नेमाची मागची खाच सरकवा, येईल मध्यावर. पांगलेल्याला पेचकस नाहीं."

मी हट्टी माणूस आहे. घरी जाऊन ते कागद भिंतीला लावले आणि जेवताना बघत राहिलो. चकचकीत डोळ्यापुढून जाईना. पण कागद काही केल्या बदलेना. सकाळी जाऊन जुनं घेतलं. मालकाला वाटलं, म्हातारा येडा आहे. वाटू दे.

त्यानंतर राव प्रत्येक सरावाला माझ्या मागे खुर्ची टाकून बसत. शिकवणं फारसं नाही. हात वर गेला, श्वास थांबला, की मागून हळूच, "उगे." तो शब्द आला की बोट आपोआप चापावर आवळू लागे. गोळी बाहेर गेली की ते घसा खाकरत, वाईट गेली तर दोनदा. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि पुढे हृदयानेही त्रास द्यायला सुरुवात केली. त्यांनी नेमबाजी सोडली, खुर्ची सोडली नाही. "मला कागद दिसत नाहीं. तुमची पाठ दिसते. पाठ पुरे," म्हणत.

स्पर्धा तोंडावर आली आणि राव दवाखान्यात गेले. तिथून परत आले नाहीत.

दिवस झाल्यावर पद्मा माझ्याकडे आली. इतक्या लांब आवडीला, एकटी. कॉफीचा पेला हातात घेतला. मग म्हणाली, "मामा, एक विचारूं? शेवटीं मी अप्पांशी बोलत होतें. फार बोललें. डॉक्टर, दुसरें हॉस्पिटल, सगळें. अप्पा मला 'उगे' म्हणाले आणि डोळे मिटले. माझ्यावर कोपले होते का? मी त्यांना शेवटीं त्रास दिला का?"

हा प्रश्न तिने मला विचारावा! ज्याने त्या एका शब्दासाठी बोलणं टाकलं होतं, त्याला!

"राव कोपले की कुठल्या भाषेत बोलत?" मी विचारलं.

तिने डोळे पुसले. "तामिळमध्यें."

"मग झालं तर. उगे ते मला केव्हा म्हणत, ठाऊक आहे? सगळं नीट जुळून आलं, आता काही करायचं उरलं नाही, तेव्हा. त्यांनी तुला गप्प नाही केलं, बाई. त्यांनी तुला सांगितलं, तुझं सगळं बरोबर झालंय, आता हलू नकोस."

ती रडली. मी रडू दिलं.

स्पर्धेला सेक्रेटरी म्हणाले, यंदा राहू दे. मी गेलो. पद्मा आली आणि न विचारता माझ्या मागे खुर्ची टाकून बसली. पहिल्या फेरीत हात वर गेला, श्वास थांबला, आणि मी वाट पाहत राहिलो. मागून काही आलं नाही. येणार कुठून? हात जड होऊ लागला, तशी मी गोळी सोडली. मग बाकीच्या सोडल्या.

कागद आला. सरावात खाच मध्यावर आणली होती, पण इथला उजेड वेगळा; भोकं सगळी डावीकडे, एकमेकांत घुसलेली. अंगठ्याखाली झाकतील अशी. पद्माने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"मामा, मध्यावर एकही नाहीं."

"ठिकाण चुकलंय. पांगलं नाही." मी खिशातून पेचकस काढला आणि मागची खाच किंचित उजवीकडे सरकवली. दुसरी फेरी बाकी होती.

"पण आतां कसें होणार? पहिले गुण तर गेले. सेक्रेटरी म्हणत होते की..."

बोलता बोलता मागे तिची खुर्ची करकरत होती, तरी मी वळलो नाही. हात वर केला, नळीच्या टोकाची माशी खाचेत बसवली आणि म्हणालो, "उगे."

मागे खुर्चीचा आवाज थांबला.